पाण्याच्या खुणा आणि एक येमेनी विद्यार्थी

औरंगाबादवर लिहिणारे सहसा तीन-चार गोष्टींपाशी थांबतात. वेरूळ-अजिंठ्याकडे जाणारा रस्ता, बीबी का मकबरा, हिमरू, आणि लिहिणाऱ्याला खाण्याची आवड असेल तर नान-खलिया. अलीकडचे लोक त्यात वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांची भर घालतात. झाडे, पाखरे, ओढे यांना या यादीत जागा नसते. मराठीत निसर्गलेखन म्हटले की आपण मेळघाटात किंवा मारुती चितमपल्लींच्या नवेगावबांधला जातो. आमच्याच जिल्ह्यातले ना. धों. महानोर घेतले तरी त्यांचे रान पळसखेड्याचे. शहराच्या हद्दीत ते शिरत नाही. शहर म्हणजे निसर्ग संपल्यावर उरते ते, असे एक गृहीतक आपल्या वाचनातून आणि शाळेतल्या धड्यांतून पक्के झालेले असते. या गृहीतकाला आमच्यापुरता धक्का कसा बसला, आणि तो देणारा माणूस कोण होता, हे सांगण्यासाठी हा लेख.

एक खुलासा आधीच केलेला बरा. २०२३ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. पुढील हकिकतीचा बराचसा भाग त्यापूर्वीचा असल्याने जुने नावही येत राहील. या गावाला नावे बदलण्याची सवयच आहे म्हणा ना. १६१० साली मलिक अंबरने येथे राजधानी वसवली तेव्हा ते खडकी होते, १६२६ मध्ये त्याच्या मुलाने, फतेहखानाने, त्याचे फतेहनगर केले, आणि १६५३ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत ते औरंगाबाद झाले. या सर्वांत जमिनीकडे पाहून ठेवलेले नाव एकच, पहिले.

आम्ही चौघेजण गेली कित्येक वर्षे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात पहाटे फिरायला जातो. आमच्यात एक निवृत्त बँक अधिकारी, एक मराठीचे प्राध्यापक, एक औषधविक्रेते, आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. विद्यापीठाची जागा विस्तीर्ण आहे. एका बाजूला सोनेरी महाल, वर औरंगाबाद लेणी, त्यापलीकडे गोगाबाबाची टेकडी. परदेशी विद्यार्थी तेथे नवलाईचे नाहीत. येमेन, इराक, सुदान अशा देशांतून मुले येथे येत राहिली आहेत. काही स्वतःच्या खर्चाने येतात, काहींना भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती असते. ही परिषद १९५० साली मौलाना आझादांनी स्थापन केली, आणि तिच्या शिष्यवृत्त्यांपैकी काही दोन देशांमधल्या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या करारांखाली दिल्या जातात. ‘देवाणघेवाण’ हा शब्द सरकारी कागदावर फारच सहज लिहिला जातो. प्रत्यक्षात मुलगा येतो, प्रबंध लिहितो आणि परत जातो. घेवाण होते, देवाणीचे कोणी विचारत नाही.

आमचा विद्यार्थी २०१२ च्या उन्हाळ्यात आला. येमेनची राजधानी सना हे त्याचे गाव, वाणिज्य हा विषय, बेगमपुऱ्यात भाड्याची खोली. त्याचे नाव येथे देत नाही. पहाटेच्या नमाजानंतर तो एकटाच टेकडीकडे चाललेला दिसे. आठवड्याभरात तो आमच्याबरोबर चालू लागला. आम्हां तिघांना तो ‘सर’ म्हणे, आणि बाईंना ‘उस्ताज़ा’, म्हणजे गुरुबाई. इंग्रजी बेताचे होते. पण शहागंजच्या बाजारात उठबस असल्याने चार-सहा महिन्यांत दखनी उर्दू अशी बोलू लागला की भाजीवालीही हसून दोन मिरच्या जास्त घाले.

मे महिना होता. ज्यांनी मराठवाड्याचा मे पाहिला आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. टेकड्यांवरचे गवत वाळून त्याचा रंग उंटाच्या पाठीसारखा झालेला, पळसाची फुले केव्हाच झडून गेलेली, वारा सुटला की तोंडात माती. या ऋतूत बाहेरचा पाहुणा आला की आम्ही त्याला सांगतो, “पावसाळ्यात या, तेव्हा पाहा आमचे डोंगर.” त्यालाही हेच सांगितले. त्याने थोडा वेळ इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, “यापेक्षा आणखी हिरवे होते?” त्या स्वरात थट्टा नव्हती. तो खरोखरीच विद्यापीठाच्या रस्त्यावरचे कडुनिंब पाहत होता, जे मे महिन्यात नव्या पालवीने लदलेले असतात आणि जे आम्ही सावलीपुरतेच मोजतो.

त्या पहिल्या पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत त्याने आमच्या टेकडीची एक निराळीच नोंद सुरू केली. काटेरी बोरीच्या झुडपापाशी तो थबकला आणि पान चुरगळून म्हणाला, “सिद्र.” येमेनच्या हद्रामौत भागातला सिद्राचा मध अरबस्तानात सर्वांत महाग समजला जातो, आणि ते झाड आपल्या बोरीचे सख्खे भावंड आहे. त्यांच्याकडे ते जपतात, आमच्याकडे शेळ्या खातात आणि काटे कुंपणाला जातात. चिंच पाहून मात्र आम्हीच त्याला सांगितले की इंग्रजी टॅमरिंड हा शब्द त्याच्याच भाषेतला आहे, ‘तम्र हिंदी’, हिंदुस्थानी खजूर. यावर तो म्हणाला, की लहानपणापासून हा शब्द उच्चारताना त्यातला हिंद कधी ऐकूच आला नव्हता. एका दर्ग्यापाशी फुलांबरोबर विकायला ठेवलेली सब्जाची जुडी त्याने उचलली, हुंगली, आणि बराच वेळ परत ठेवली नाही. सनाच्या जुन्या शहरात ती वनस्पती घराघरातून असते. पुरुष पागोट्यात आणि बायका केसांत तिची डहाळी खोवतात.

इथपर्यंत आमच्या दृष्टीने ही एक सुखद करमणूक होती. परदेशी पाहुण्याला आपल्याकडे त्याच्या घरची ओळख पटावी याचा कोणाला आनंद होणार नाही? खरा पेच नहरींपाशी आला.

औरंगाबादच्या नहरी इतिहासप्रेमींना ठाऊक असतात, इतरांना नसतात. मलिक अंबरने १६१७-१८ च्या सुमारास हर्सूल-सावंगीच्या बाजूने जमिनीखालून पाणी आणले, ती नहर-ए-अंबरी. पुढे त्याच धर्तीवर इतर नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर बाबा शाह मुसाफिर या बुखाऱ्याकडून आलेल्या सुफीच्या दर्ग्याला पाणी देते आणि त्या पाण्याच्या धबधब्यावर पिठाची चक्की फिरे. थत्ते नहर बेगमपुऱ्यातल्या थत्ते हौदात उतरते. एका हबशाची, एका सुफीची आणि एका ब्राह्मण घराण्याची अशी ही तीन नावे एकाच तंत्राला चिकटलेली आहेत. तंत्र साधे पण अचूक. डोंगराच्या पायथ्याशी, जेथे जमिनीत पाणी मुरलेले असते तेथे, विहीर किंवा बंधारा घ्यायचा. तेथून शहरापर्यंत अगदी मंद उताराचा बोगदा न्यायचा. ठिकठिकाणी वर तोंडे ठेवायची, म्हणजे हवा खेळते आणि माणूस उतरून गाळ काढू शकतो. पाण्याचा जोर फार वाढेल तेथे मनोरा उभारून तो तोडायचा. पंप नाही, विजेचा प्रश्नच नाही. उतार आणि सांभाळणारा माणूस, एवढ्यावर सगळे चालते.

पाणचक्कीच्या हौदावर त्याला आम्ही नेले ते पर्यटनस्थळ म्हणूनच. हौदाच्या तळाखाली मोठे दालन आहे, त्याचे छत म्हणजेच हौदाचा तळ, हे सांगून पाहुण्याला थक्क करायचे असा आमचा शिरस्ता. तो थक्क झाला नाही. हौदात पडणाऱ्या पाण्याकडे पाहत त्याने विचारले, “या ग़ैलचे तोंड कुठे आहे?” सनाच्या परिसरात जमिनीखालून आणलेल्या अशा पाण्याला ग़ैल म्हणतात. इराणात त्याला कनात म्हणतात, ओमानात फलज, अफगाणिस्तानात कारेझ. त्याच्या आजोबांच्या काळी सनामध्ये ग़ैल वाहत असत. नंतर खोल विंधनविहिरी आल्या, पाण्याची पातळी खाली गेली आणि ग़ैल एकामागून एक कोरडे पडले. त्याने स्वतः वाहता ग़ैल आपल्या शहरात कधी पाहिला नव्हता. तो पहिल्यांदा पाहिला औरंगाबादेत.

येथे इतिहासाची एक गंमत सांगितलीच पाहिजे. मलिक अंबर जन्माने इथिओपियाचा. पीटर व्हान डेन ब्रुक नावाचा डच व्यापारी त्याला १६१७ च्या सुमारास भेटला होता आणि त्याने लिहून ठेवले आहे की अंबर लहानपणी मोखा बंदरात गुलाम म्हणून विकला गेला. मोखा येमेनमध्ये आहे, कॉफीमुळे ज्याचे नाव जगभर झाले तेच बंदर. तेथून तो बगदादला गेला, शिकला, आणि मग दख्खनला आला. जमिनीखालून पाणी नेण्याची कल्पना त्याने नेमकी कोठे पाहिली हे सांगता येत नाही. पण ज्या ज्या मुलुखातून तो आला ते सर्व या तंत्राचे मुलूख होते. दख्खनमध्ये बिदरला आणि शेजारी बुऱ्हाणपुरातही अशी कामे आहेतच. तेव्हा सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणायची तर ती चारशे वर्षांपूर्वी एका विकल्या गेलेल्या मुलाने केली होती, कोणत्याही कराराशिवाय. विद्यार्थ्याला हे सांगितले तेव्हा तो नुसता मान हलवत राहिला. मोखाला आता फारसे काही उरलेले नाही, एवढेच म्हणाला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, म्हणजे २०१३ मध्ये, आम्ही पाचजणांनी नहरीचा माग काढायचे ठरवले. कल्पना त्याची. म्हणाला, पावसाळ्यात सगळेच हिरवे असते, तेव्हा काही कळणार नाही. मे महिन्यात जे हिरवे दिसेल त्याच्या खाली पाणी असेल. ही गोष्ट आपल्याकडे वराहमिहिराने बृहत्संहितेतल्या दकार्गल अध्यायात केव्हाच मांडून ठेवली आहे, कोणत्या झाडाखाली, कोणत्या वारुळाशेजारी पाणी लागेल याचे आडाखे. आणि उंबर तेथे पाणी हे तर खेड्यातले पोरही सांगते. पण आडाखा वाचणे निराळे आणि चाळीस अंशांच्या उन्हात डोक्याला रुमाल बांधून त्याच्या मागे चालणे निराळे. बेगमपुऱ्यातून निघून हर्सूलच्या दिशेने आम्ही तीन रविवार चाललो. सुकलेल्या पट्ट्यात मध्येच एक उंबर, पुढे काही अंतरावर पिंपळ, मग एका भिंतीतून वर आलेला वड, अशी एक तुटक रेघ दिसू लागली. त्या रेघेवर कोठे कोठे दगड-चुन्याचे गोल तोंड सापडे, झाकण असलेले किंवा नसलेले. एका तोंडाशी आम्ही ओणवे झालो तेव्हा खालून थंड हवा तोंडावर आली आणि पाण्याचा आवाज ऐकू आला. बाईंनी चटकन आम्हा सर्वांना मागे ओढले. काठ खचला असता तर आणखी एक बातमी झाली असती.

त्याच तोंडापाशी पाकोळ्या आत-बाहेर करत होत्या. कडेच्या ओलीत नेचे उगवलेले. औरंगाबादेत, मे महिन्यात, भर उन्हात नेचे! आमच्यातल्या प्राध्यापकांनी, जे एरवी कवितेखेरीज कशानेही हलत नाहीत, खिशातून टाचण काढून त्याची जागा लिहून घेतली. असा करता करता आमचा एक कच्चा नकाशा झाला. नहरीच्या शास्त्रीय नकाशाशी त्याची तुलना करू नये. त्यात झाडे आणि तोंडे एवढेच आहे, आणि अंतरे पावलांत आहेत.

परतीच्या वाटेवर वाद झाला. बाईंचे म्हणणे असे की हा निसर्ग नव्हे. नहर माणसाने खोदली, पाणी माणसाने आणले, म्हणून ते उंबर तेथे आहे. याला फार तर अभियांत्रिकीचे उपफळ म्हणा. निसर्ग पाहायचा तर गौताळ्याला चला, कन्नडच्या घाटात चला. भूगोलाच्या शिक्षिकेने असे म्हणावे हे स्वाभाविक होते. विद्यार्थ्याला हा भेदच नीटसा कळेना. त्याच्या जुन्या शहरात मशिदीला लागून मळे असतात. त्यांना मक्शमा म्हणतात. वजू करून झालेले पाणी उतरत्या पाटाने या मळ्यात जाते आणि त्यावर कांदा, मुळा, पुदिना, सब्जा, खजूर, डाळिंब असे काय काय वाढते. पाखरे येतात, मधमाश्या येतात. भोवती सात-आठ मजल्यांची माती-विटांची घरे, आणि खिडकीतून खाली पाहिले की हिरवे. “उस्ताज़ा, हात धुणे थांबले की आमचा निसर्ग वाळतो,” तो म्हणाला. बाई हसल्या, पण त्यांनी आपला मुद्दा सोडला नाही. आजही सोडलेला नाही. आमचे तिघांचे मत मात्र त्या दिवसापासून बदलत गेले. कोरड्या मुलुखातल्या शहराचा निसर्ग हा राखण्यातून होतो. राखणे थांबले की उरते ते ओसाड. त्याला रान म्हणण्यात अर्थ नाही.

या दृष्टीने पाहू लागल्यावर शहराचा उत्तर भाग आम्हाला एकसंध दिसू लागला. दिल्ली दरवाजाजवळचा सलीम अली सरोवर, त्याच्या समोरची हिमायत बाग, पलीकडे हर्सूल तलाव. हिमायत बाग ही मोगलकालीन बाग. आता तेथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. जुन्या चिंचा-आंब्यांच्या सावलीत शिरले की बाहेरचा रस्ता चटकन विसरतो. पोपट आणि धनेशांचा कलकलाट सकाळी इतका की बोलताना आवाज चढवावा लागतो. सरोवराचे जुने नाव खिज्री तलाव. हे नाव ऐकताच आमच्या पाहुण्याने सांगितले की ख़िज़्र म्हणजे हिरवा. ज्या कोरड्या जागी तो बसतो ती जागा हिरवी होते अशी श्रद्धा आहे. म्हणजे ज्याने ते नाव ठेवले त्याने तलावाचे काम काय असते हे नावातच सांगून ठेवले होते.

नव्या नावाबद्दलही आमची तक्रार नाही. सलीम अलींचा या मुलखाशी खरा संबंध आहे. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि त्या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये केली. त्याआधी ते काय करत होते हे फार जणांना ठाऊक नसते. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली व्याख्यात्याची नोकरी सांभाळून रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि तेथील प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. परत आले तेव्हा नोकरी गेलेली होती, पैसा नाही म्हणून पदच रद्द झाले होते. मग त्यांनी संस्थानांना पत्रे लिहिली: खर्च द्या, मी पगाराशिवाय पाहणी करतो. हैदराबादची पाहणी अशी झाली. परदेशी शिकून आलेल्या आणि घरी जागा न उरलेल्या विद्यार्थ्याचे नाव या तलावाला आहे, हे त्या दिवसांत आम्ही सहज बोलून गेलो होतो. त्याचा दुसरा अर्थ दोन वर्षांनी लागला.

सरोवरावर हळदी-कुंकू बदके असतात, जांभळ्या पाणकोंबड्या असतात, पाणकावळे पंख वाळवत बसलेले दिसतात. काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असणारा जो पक्षी थव्याने पोहतो त्याला मराठीत वारकरी म्हणतात. पैठण आणि आपेगाव ज्या जिल्ह्यात आहेत तेथे हे नाव समजावून सांगावे लागत नाही; सनाच्या मुलाला समजावताना मात्र टिळा, वारी, पंढरपूर असे करत सकाळ संपली. पाखरे सुंदर आणि पाणी घाण, हे या तलावाचे जुने दुखणे आहे. शहराचे सांडपाणी त्यात येते, जलपर्णी माजते, आणि काठाच्या पाणकणसात पाखरे घरटी करतात. सांडपाणी पूर्ण बंद केले तर उन्हाळ्यात तलाव किती उरेल, आणि बंद केले नाही तर पाणी पाण्यासारखे किती राहील, हा प्रश्न सोपा नाही. मक्शम्यांत वाढलेल्या मुलाला तो आमच्यापेक्षा लवकर समजला. वापरलेले पाणी बागेला देणे त्याला नैसर्गिक वाटत होते. न शुद्ध करता देणे मात्र लाजिरवाणे वाटत होते.

खाम नदीचे तेच. ही नदी उत्तरेच्या डोंगरात उगम पावून हर्सूलवरून येते, पाणचक्कीला आणि छावणीला वळसा घालते आणि पुढे जायकवाडीच्या जलाशयात, नाथसागरात, मिळते. त्याच जलाशयातून शहराला पिण्याचे पाणी येते, दूरवरून नळातून चढवून, आणि कित्येक वसाहतींत आठवड्याला एकदा. हे वर्तुळ आम्ही त्याला कागदावर काढून दाखवले तेव्हा त्याने त्याच कागदावर सनाचे काढले. तेथे साइला नावाचा ओढा शहरातून जातो. तो दगडांनी बांधून काढलेला आहे. एरवी त्यातून मोटारी जातात आणि पाऊस आला की तो पुन्हा ओढा होतो. भूजल इतके उपसले गेले आहे की पाणी संपणारी जगातली पहिली राजधानी म्हणून सनाचे नाव घेतले जाते. “आमचे पाणी गात पिते,” तो म्हणाला. गात म्हणजे तेथे दुपारभर चघळतात ती उत्तेजक पाने. त्यांच्या मळ्यांना पाणी फार लागते. बँकवाले लगेच म्हणाले, “आमचे ऊस पितो.” यावर दोन्ही देशांचे एकमत झाले.

२०१४ च्या सप्टेंबरात हुथींनी सनाचा ताबा घेतला आणि मार्च २०१५ मध्ये बाहेरच्या देशांचे हवाई हल्ले सुरू झाले. घरून येणारे पैसे थांबले. औषधविक्रेत्यांनी त्याला संध्याकाळी दुकानात हिशेबाला बसवले. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी होताच. फिरायला येणे त्याने सोडले नाही, मात्र टेकडीवर चढेना, तलावावरच बसे. १२ जून २०१५ रोजी जुन्या सनातल्या अल्-कासिमी मोहल्ल्यावर हवाई हल्ला झाला. मक्शम्याला लागून असलेली जुनी घरे कोसळली, माणसे मेली. हे जुने शहर १९८६ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, आणि त्या हल्ल्यानंतर महिन्याभरात ते धोक्यातील वारशांच्या यादीत गेले. त्याचे घर त्या मोहल्ल्यात नव्हते. आत्याचे सासर होते. माणसे बचावली होती. फोनवर त्याने आधी माणसांचे विचारले आणि मग मळ्याचे विचारले. मळ्यात दगड-विटांचा ढीग पडला आहे, कडेचा कांदा तसाच उभा आहे, असे उत्तर आले. हे सांगताना तो पाण्यातल्या वारकऱ्यांकडे पाहत होता. आम्हाला काय बोलावे ते सुचले नाही. बाईंनी डब्यातली थालीपिठे पुढे केली.

त्या वर्षी दुष्काळ होता. २०१५ चा पावसाळा मराठवाड्याला कोरडाच गेला, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. औरंगाबादेत टँकर फिरत होते. अशा वर्षात आम्ही पुन्हा एकदा नहरीच्या रेघेवर चाललो. ज्या तोंडातून तीन वर्षांपूर्वी आवाज आला होता तेथे कान लावून बसलो. आवाज बारीक झाला होता, पण होता. आजूबाजूच्या वसाहतींतल्या विंधनविहिरी शेकडो फूट खाली गेलेल्या, त्यातल्या किती कोरड्या. आणि चारशे वर्षांपूर्वीचा तो उथळ बोगदा अजून झिरपत होता. नेचे मात्र वाळले होते. विद्यार्थ्याने आपल्या बाटलीतले पाणी त्यावर ओतले. औषधविक्रेते त्याला रागावले, की पिण्याचे पाणी असे घालवू नये. तो म्हणाला, “सर, हे मी वजूचे समजून घातले.”

२०१७ मध्ये त्याला पदवी मिळाली. सनाचा विमानतळ प्रवासी विमानांना आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून बंद होता. घरी जाता येत नव्हते, येथे राहण्याची मुदत संपत होती. शेवटी तो कैरोला गेला, एका नातेवाइकाकडे, आणि आता तेथेच एका कारखान्यात हिशेब पाहतो. जाताना त्याने नकाशाची एक प्रत करून घेतली आणि बोरीच्या बिया रुमालात बांधून नेल्या. कैरोत त्या रुजल्या नाहीत. तेथे सिद्र भरपूर आहे, असे त्याने कळवले, आणि आमची बोरे त्यापेक्षा गोड असतात असेही.

२०२१ पासून खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले. लोखंडी पुलाच्या बाजूचा कचरा हलवला गेला, काठ बांधले, झाडे लावली. जेथे नाक धरून जावे लागे तेथे आता लोक मुले घेऊन बसतात. काम मोठे आहे आणि अपुरे आहे; वरून येणारे सांडपाणी पूर्ण थांबेपर्यंत नदी नदी होणार नाही. आम्ही त्याला छायाचित्रे पाठवली. त्याचे उत्तर एका ओळीचे आले: पाणी झऱ्याचे आहे की गटाराचे? बाईंनी उलट लिहिले, “दोन्हीचे. तुला फरक कधीपासून कळायला लागला?” त्यावर त्याने बरेच हसरे चेहरे पाठवले.

गेल्या मे महिन्यात आम्ही पुन्हा त्या रेघेवरून गेलो, आता वयपरत्वे रिक्षाने आणि मध्येच उतरून. नकाशावरच्या तोंडांपैकी दोन सापडली नाहीत. एकावरून नवा रस्ता गेला आहे, दुसरे एका इमारतीच्या आवारात गेले असावे. रखवालदाराने आत सोडले नाही. त्या आवाराच्या भिंतीतून उंबराची एक फांदी बाहेर आली आहे आणि तिला फळे धरली आहेत. तिचे छायाचित्र आम्ही घेतले आहे. ते कैरोला पाठवायचे, तर त्याबरोबर नकाशात कोणत्या दोन खुणा खोडायच्या हेही लिहावे लागेल. बाई म्हणतात खोडू नका, खाली पाणी आहे तोवर खूण खरी आहे. त्यावर अजून आमचे ठरलेले नाही.